हापशाचे दांडे

कार्यालयात तिला मॅडम म्हणत, गावोगावच्या बायका पाणीवाल्या बाई म्हणत, आणि थोरल्या बहिणीच्या तोंडी ती अजून धाकटीच होती. पन्नाशी उलटली, डोक्यावर काळ्यापेक्षा पांढरं जास्त झालं, तरी फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "धाकटे, जेवलीस का?" आपणही तिला धाकटीच म्हणू.

धाकटी पाणीपुरवठा कार्यालयात अभियंता होती. पूल बांधायचे, इमारती उभ्या करायच्या म्हणून शिकली, आणि सगळा जन्म लोकांच्या पाण्यात डोकावण्यात गेला. पिशवीत कायम नमुन्याच्या बाटल्या. नवरा शाळेतून निवृत्त झालेला, आणि स्वयंपाकघर आता त्याच्या ताब्यात होतं. तो म्हणायचा, "लोकांच्या बायका बाहेरून येताना खाऊ आणतात. आमच्याकडे बाटल्या येतात, आणि त्यातली एकही प्यायची सोय नाही."

ताईचं गाव दरीच्या अगदी खालच्या टोकाला होतं. रस्ता तिथे जाऊन संपायचा. गावात तीन हापसे. पाणी थंडगार, काचेसारखं स्वच्छ, चवीला गोड. आणि त्यातच घात होता. खोल खडकातून वर येताना त्या पाण्यात फ्लोराइड उतरायचं. त्याला ना रंग ना वास. आज प्यायलात तर आज काही नाही, उद्या काही नाही. पण पोरांचे दुधाचे दात पडून नवे आले की ते तपकिरी यायचे, आणि उभा जन्म ते पाणी प्यायलेल्या माणसाची हाडं लाकडासारखी ताठ व्हायची.

ताईचे यजमान, धाकटीचे भाऊजी, सुतार होते. दरीतल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची. आता त्यांची मान वळत नसे, कंबर वाकत नसे. कुणी मागून हाक मारली तर अरुंद बोळात बैलगाडी वळवावी तसं सगळं अंग फिरवावं लागे. पण तोंड काही ताठ झालं नव्हतं.

"मेव्हणीबाई," ते म्हणायचे, "या दुखण्याचा एक फायदा आहे. रस्त्याने कितीही देखणी बाई गेली तरी मला वळून बघता येत नाही. तुमची बहीण निर्धास्त."

आतून ताईचा आवाज यायचा, "आणि समोरून येणारीचं काय?"

हसून झालं की धाकटी भाऊजींच्या ताठ मानेकडे बघत राहायची. नमुने तिनेच तपासले होते. अहवाल तिनेच लिहिले होते. दर बैठकीत ती एकच धोशा लावायची: हे हापसे बंद करा. लोकांना पर्याय द्या नाहीतर नका देऊ, पण आपल्या खात्याने बसवलेल्या हापशातून आपणच त्यांना विष पाजू नका. बैठकीतले लोक मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

मग एका वर्षी वरून आदेश निघाला. ज्या स्रोताचं पाणी वाईट, तो स्रोत बंद. हापशाचा दांडा काढून घ्यायचा, वर लाल रंग फासायचा, आणि हे सगळं उन्हाळ्याच्या आत. पुढे मोठी योजना येणार होती, धरणातून सगळ्या दरीला नळ. तोवर टँकर. धाकटीला वाटलं, आयुष्यात एकदा तरी पालथ्या घड्यावरचं पाणी आत गेलं.

ताईच्या गावात दांडे काढायला ती स्वतः गेली. पंपमिस्त्री पाना घेऊन बसला, बोल्ट गंजलेले, तो घाम पुसत शिव्या घालत होता. बायका रिकाम्या कळशा घेऊन भोवती उभ्या.

"बाई, पाणी गोड आहे हो," एक म्हातारी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून हेच पितेय."

"म्हणूनच तुमची कंबर अशी झालीय, आजी."

"कंबर म्हातारपणाने जाते गं. तुझी नाही दुखत?"

दुखत होती. धाकटीने ते सांगितलं नाही. तिने शांतपणे सगळं समजावलं, दातांचं, हाडांचं, पोटातल्या बाळांचं. बायकांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या हापशाचा दांडा निघाला तेव्हा भाऊजी काठी टेकत आले, सगळं अंग फिरवून त्या थोट्या हापशाकडे बघत म्हणाले, "चला, आता हासुद्धा माझ्यासारखा झाला. वाकत नाही."

ताईने घरी चहा ठेवला. पाणी ओतताना तिचा हात क्षणभर थांबला. रांजणातलं हे शेवटचं हापशाचं पाणी होतं.

"उद्यापासून काय?" तिने विचारलं.

"टँकर येईल. एक दिवसाआड."

"नक्की?"

"नक्की," धाकटी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

टँकर आला. पहिले काही आठवडे अगदी ठरल्याप्रमाणे आला. पण टँकर होते दोन, आणि दरीत गावं दहा-बारा. एकाचा पंप बिघडला. मग वळणावरचा रस्ता खचला, आणि जो टँकर चालू होता त्याचा चालक म्हणाला, भरलेली गाडी घेऊन मी त्या वळणावर जाणार नाही, मला पोरंबाळं आहेत. त्याचंही चूक नव्हतं. धाकटी फोन करायची. बांधकामवाले म्हणायचे रस्ता आमच्याकडे नाही. वाहनवाले म्हणायचे सुटा भाग मागवलाय. साहेबांच्या टेबलापुढे ती रोज जाऊन उभी राहायची.

साहेब वाईट माणूस नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी टेबलावरच ठेवायचे, आणि कुठल्याही प्रश्नावर आधी डोळे मिटायचे.

"मॅडम, तुमच्या दरीचे सगळे हापसे बंद झाले ना?"

"झाले, साहेब. पण टँकर..."

"मग वरच्या अहवालात तुमची दरी सुटली. एकही माणूस आता वाईट पाणी पीत नाही." डोळे उघडून ते खिन्नपणे हसले. "मलाही कळतं हो. पण कागदावर सुटलेल्या गावासाठी मी नवा टँकर कुठल्या तोंडाने मागू?"

संध्याकाळी ती घरी आली की नवरा काही न विचारता समोर ताट ठेवायचा. एकदा त्याने विचारलं, "ताई काय म्हणतात?"

"विचारते, जेवलीस का."

"आणि तू?"

"मी म्हणते, जेवले."

टँकर न आलेल्या दिवसांत गाव काय पितं, हे तिने विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. गावाखाली ओढ्यात एक डोह होता. उन्हाळ्यात तो आटून हिरवा व्हायचा. गुरं त्यातच उतरायची, धुणीही तिथेच. धाकटीने गावात निरोप पाठवला होता, पाणी उकळून प्या. पण रोजचं सगळं पाणी उकळायला लाकूडफाटा कुठून आणायचा, हे निरोपात नव्हतं.

एके दिवशी सकाळी सकाळी ताईचा फोन आला. आज ती जेवणाचं बोलली नाही.

"धाकटे, ह्यांना काल दुपारपासून उलट्या-जुलाब आहेत. शेजारच्या दोन घरांतही तेच. पलीकडच्या आळीतल्या दोन पोरांना दवाखान्यात नेलंय."

धाकटी गाडीत बसली तेव्हा पायात दोन वेगळ्या चपला होत्या, हे तिला दवाखान्याच्या पायरीवर कळलं. दवाखाना वरच्या मोठ्या गावात, एका लांबट खोलीचा. खाटा भरलेल्या, दोन माणसं जमिनीवर चटईवर. फरशीवर नुकतंच फिनेल टाकलेलं. भाऊजी खिडकीशेजारच्या खाटेवर होते. हाताला सलाइन. त्यांची पाठ गादीला टेकत नव्हती, मान उशीवर बसत नव्हती. ताईने खाली दोन-तीन दुमडलेल्या चादरी देऊन त्यांना कसंबसं टेकवलं होतं. एका रात्रीत माणूस निम्मा झाला होता.

"मेव्हणीबाई," ते म्हणाले. ओठ कोरडे पडले होते. "समोर येऊन उभ्या राहा. मला वळता येत नाही."

ती समोर गेली.

"त्या पाण्याने इतकी वर्षं घेतली," ते म्हणाले, "आणि ह्याला एक रात्र पुरली. घाई झालेली दिसते."

ताई म्हणाली, "गप्प पडा हो."

त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. डॉक्टरीण तरुण होती, धावपळ करत होती, सगळं करत होती. बाकीचे हळूहळू सावरले, दोन्ही पोरंसुद्धा. भाऊजींचं शरीर आधीच थकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, ताई कपडे पिळायला बाहेर गेली असताना, ते गेले. धाकटी तिथेच स्टुलावर होती. तिला कळलं, पण तिने लगेच कुणाला बोलावलं नाही. ताईचा कपडे पिळण्याचा आवाज बाहेरून येत होता. तो थांबेपर्यंत तिने वाट पाहिली.

ताई तिला काहीच बोलली नाही. रडली, भांडली, दोष दिला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. ताईने फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी जागा करून दिली, मुलगा शहरातून आला त्याला जेवायला वाढलं, आणि धाकटीकडे बघितलं नाही. भाऊजींची हत्यारं पडवीत भिंतीला टांगलेली होती. लोक त्यांना चुकवून बसत होते.

तिसऱ्या दिवशी धाकटीने पंपमिस्त्रीला गाठलं.

"दांडे कुठे आहेत?"

"गोदामात, मॅडम. सगळे सुतळीने बांधून ठेवलेत."

"घेऊन या. परत बसवायचे."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. "लेखी काही?"

"माझं तोंडी."

"मॅडम, वरून आदेश आहे. नोकरी माझीही जाईल."

"तुम्ही पाना फक्त मला द्या. बोल्ट मी आवळते."

त्याने मान हलवली, काहीतरी पुटपुटला आणि पाना खांद्यावर टाकून तिच्या पुढे चालू लागला.

पुन्हा तोच घोळका जमला. या वेळी बायका शांत नव्हत्या.

"बाई, काल म्हणालात विष आहे. आज काय अमृत झालं?" किराणा दुकानदार मागून ओरडला. लग्न होऊन आल्यापासून तेच पाणी प्यायलेली म्हातारीही होती. तिने रिकामी कळशी आणली होती.

धाकटीला इकडे आड तिकडे विहीर झालं होतं.  काय बोलायचं ते तिने ठरवून आणलं नव्हतं.

"विषच आहे," ती म्हणाली. "पण हे हळू मारतं. डोहाचं पाणी आठवड्यात मारतं. मला तुम्हाला दोन्हीपासून वाचवता आलेलं नाही. म्हणून आत्ता एवढंच करतेय. दगडापेक्षा वीट मऊ. लहान पोरांना टँकर येईल तेव्हा टँकरचं साठवून द्या, पाऊस सुरू झाला की पावसाचं द्या. बाकीच्यांनी हे प्या. डोहाचं पिऊ नका."

मिस्त्रीने दांडा बसवला. बराच वेळ कुणी पुढे आलं नाही. मग एकीने कळशी लावली, दुसरीने हापसायला सुरुवात केली. लाल रंग तसाच होता.

साहेबांनी तिला त्याच आठवड्यात बोलावलं. दार लावून घेतलं. डोळे मिटले, मग उघडले.

"मॅडम, उद्या एखाद्या पुढाऱ्याने विचारलं, की खात्याच्या अधिकाऱ्याने वाईट पाणी प्यायला सांगितलं हे खरं का, तर मी काय सांगू?"

"खरं आहे म्हणून सांगा."

"तुमच्या मेहुण्यांचं कळलं मला. वाईट वाटलं. पण..."

"साहेब, मी त्यांच्यापुरतं बोलत नाहीये." ती खुर्चीत टेकली. "आपल्याकडे पाण्याचे दोनच रकाने आहेत. सुरक्षित आणि असुरक्षित. असुरक्षित म्हणजे बंद. पण माणूस बंद झालेल्या हापशापाशी पाणी प्यायचं थांबवत नाही, तो पुढच्या डबक्याकडे जातो. आणि एका घराला प्यायला, शिजवायला लागतं किती? दोन हंडे. बाकीचं धुण्याला, गुरांना, अंघोळीला. ते हापशाचं चालतं. आपण सगळंच पाणी शुद्ध करायला निघालो म्हणून थेंबभरही होत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला, डोहाच्या बऱ्याच वर, वाळूत एक उथळ विहीर घेऊ या. नमुना बघितलाय मी, फ्लोराइड नाही. वरून झाकायची, रोज जंतू मारायचं औषध टाकायचं, चौकात एक नळकोंडाळं. फक्त पिण्याचं पाणी."

साहेबांनी गोळ्यांची डबी उचलली, न उघडताच ठेवली.

"छोट्या कामांच्या निधीतून करता येईल," ते हळूच म्हणाले. "मी सही करीन. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होती. ज्या गावाला स्वतःचा चांगला स्रोत मिळाला, ते गाव मोठ्या योजनेच्या यादीतून गळायचं. नियम होता, आणि नियम अगदीच वेडगळही नव्हता: ज्यांना काहीच नाही त्यांना आधी. आज विहीर घेतली की घरातला नळ गेला. किती वर्षांसाठी गेला, कोण सांगणार? कदाचित कायमचा.

"हे मी ठरवणार नाही," धाकटी म्हणाली.

"मग कोण?"

"ज्यांनी प्यायचंय ते."

गावाची बैठक शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. दुपारी पत्रा तापलेला, पोरांचे बाक एका बाजूला रचलेले. धाकटीने दोन्ही वाटा सांगितल्या, काही लपवलं नाही. विहीर पुढच्या उन्हाळ्याच्या आत होईल. दोन हंडे मिळतील, वाहून न्यावे लागतील, पाण्याला औषधाचा वास येईल. नळ आला तर घरात येईल, हवं तेवढं येईल. पण कधी येईल ते तिला माहीत नाही, आणि गाव सगळ्यात शेवटचं आहे.

किराणा दुकानदार उठला. "मी स्पष्ट बोलतो. आज तहान लागली म्हणून विहीर खणाल, आणि उद्या वरची सगळी गावं घरात नळ सोडून बसतील. आपली नातवंडं आपल्याला शिव्या घालतील."

"शिव्या घालायला नातवंडं जगली तर," मागून एक बाई म्हणाली. तिचं पोर दवाखान्यात होतं, नुकतं घरी आलं होतं.

गलका झाला. एक म्हणाला, थांबू या. दुसरा म्हणाला, थांबूनच हे दिवस आले. मग कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतंत?"

धाकटीने कपाळ पुसलं. "मागच्या वेळी मला अगदी खात्री होती," ती म्हणाली. "या वेळी नाही. मला विहीर बरी वाटते. पण माझं ऐकून हात वर करू नका."

 तेवढ्यात बाकांपाशी बसलेली ताई उठली. भाऊजी गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. तिने धाकटीकडे सरळ पाहिलं, महिन्याभरात पहिल्यांदा.

"माझा तुझ्यावर राग आहे," ती म्हणाली. चारचौघांत, अगदी साध्या आवाजात. "तो जाणार नाही. ठेवून घे. आता विहीर कुठे खणायची ते सांग, म्हणजे मला किती चालावं लागेल ते कळेल."

कुणीतरी हसलं, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. हात वर झाले. दुकानदाराचा झाला नाही, आणखी काहींचा झाला नाही, पण बहुतेकांचा झाला.

विहीर झाली. रडतखडत झाली, वाळू दोनदा ढासळली, सिमेंटच्या कड्या चुकीच्या मापाच्या आल्या, ठेकेदार मध्येच गायब झाला. पण झाली. औषध टाकायचं काम ताईने मागून घेतलं. लोक कुरकुरायचे, पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो म्हणायचे. एकाने तर तिला बाजूला घेऊन सांगितलं, थोडं कमी टाकत जा, कोण बघतंय. ताई म्हणाली, "ज्याला वासाची अडचण आहे त्याने डोहाचं प्यावं. मी त्याच्या घरी रडायला येईन." त्यानंतर कुणी बोललं नाही.

धाकटीला आदेश मोडल्याबद्दल खुलासा मागितला गेला. तिने दिला, चार ओळींचा. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी तिचा खुलासा जुन्या कागदांत गाडला, आणि बढतीच्या वेळी तिच्या खालची दोन माणसं तिच्या पुढे गेली. नवऱ्याला ती बातमी सांगताना तिला स्वतःला आश्चर्य वाटलं, की काहीच वाटत नाहीये. "बरं झालं," तो भाजी चिरता चिरता म्हणाला. "वर गेली असतीस तर आणखी मोठ्या बाटल्या आणल्या असत्यास."

ताईचे फोन पुन्हा सुरू झाले. पण जेवलीस का हे विचारायच्या आधी आता ती थोडी थांबायची. धाकटीला त्या थांबण्याची सवय झाली.

काही वर्षांनी मोठी योजना खरंच आली. वरच्या दोन-तीन गावांना रोज, भरपूर, चांगलं पाणी आलं. तिथल्या बायकांनी डोक्यावरचे हंडे उतरवले ते कायमचे, आणि त्याचा आनंद धाकटीने स्वतः डोळ्यांनी पाहिला. पुढच्या गावांना कधी आलं, कधी नाही. अगदी खालच्या गावांत नळ सोडला की आधी नुसती हवा फुसफुसायची. म्हणजे दुकानदार चुकला होता असंही म्हणता येईना आणि बरोबर होता असंही. सगळ्या खात्याने मिळून हिशेब मांडला असता तरी बाकी काय उरली हे कुणाला सांगता आलं नसतं.

निवृत्त झाल्यावर धाकटी एकदा ताईकडे राहायला गेली. सकाळी दोघी चौकात गेल्या. नळकोंडाळ्यापाशी रांग होती. ताई औषधाचं भांडं घेऊन वर विहिरीकडे चढू लागली. धाकटी खाली सावलीत थांबली. रांगेत एक तरुण बाई उभी होती, किराणा दुकानदाराची सून, कडेवर मूल, पायाशी दोन हंडे.

"पाहुण्या का?" तिने विचारलं.

"ताईची धाकटी बहीण."

"वरच्या गावात माझी बहीण दिलीय," सून म्हणाली. बोलायला कुणीतरी हवंच होतं तिला. "तिच्या स्वयंपाकघरात नळ आहे. भांडी घासायला, अंघोळीला, सगळ्याला तोच. आणि मी रोज इथे रांगेत, या पोराला घेऊन. सासरे सांगतात, कुणा बाईने ठरवलं म्हणे, या गावाला विहीरच बास."

"गावाने ठरवलं," धाकटी म्हणाली. "पण ती बाई मीच."

 सुनेने धाकटीला नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मूल कडेवर चुळबुळ करत होतं.

"मग बरं नाही केलंत," ती शेवटी म्हणाली.

धाकटीकडे सांगायला बरंच होतं. डोहाचं, दवाखान्याचं, खडकातल्या पाण्याचं, खालच्या गावातल्या फुसफुसणाऱ्या नळांचं. त्या बाईने यातलं काही पाहिलं नव्हतं, आणि रोज दोन हंडे वाहणाऱ्या बाईला ते ऐकवायला धाकटीची जीभ उचलेना.

"असेल," ती म्हणाली.

रांग पुढे सरकली. सुनेने पहिला हंडा भरला, दुसरा भरला. मग एकावर एक रचताना अडली. पोर खाली उतरायला तयार नव्हतं.

"जरा हात लावता का?" ती म्हणाली. राग आवाजात तसाच होता.

धाकटी पुढे झाली, वाकली, आणि हंडा दोन्ही हातांनी धरून तिच्या डोक्यावर चढवू लागली.